ठासणीच्या बंदुकीची दारू घरात ठेवताना: माझा अनुभव

आमचे वावर वर्धा जिल्ह्यात, बोरच्या जंगलाच्या कडेला आहे. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांचे कळप आणि तूर कोवळी असताना रोही (नीलगाय), हे येथील शेतकऱ्याला चुकत नाही. जागलीवर बसणाऱ्या माणसाजवळ धोंडे, डबे आणि फटाके असतात. आमच्याकडे त्यांच्या जोडीला वडिलांच्या परवान्यावरची एकनळी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आहे. बहुतेक वेळा ती छर्रे न भरता, केवळ आवाजासाठी उडविली जाते. प्राणी मारायचा असेल तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, हे आमच्या भागात अजूनही पुष्कळांना सांगावे लागते.

वडिलांचे वय सत्तरीपुढे गेले, हात थरथरू लागला आणि बंदूक माझ्या नावावर करून घेण्याचे ठरले. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. कागदपत्रांच्या यादीत शस्त्र सुरक्षित ठेवण्याबाबतचे हमीपत्रही होते. त्यावर सही करण्यापूर्वी मी घरात बंदुकीशी संबंधित काय काय आणि कोठे कोठे आहे ते पाहायला बसलो आणि माझे खरे काम तेथून सुरू झाले.

बंदूक तेवढी लोखंडी कपाटात, कुलपात होती. दारू मात्र माळ्यावर होती. अधिकृत विक्रेत्याकडून आणलेली, मूळ वेष्टनातली दारू एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात, आजोबांच्या काळापासून राहिलेली, गठ्ठे झालेली काळी भुकटी. टोप्यांची, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटविणाऱ्या छोट्या टोपणांची, डबी त्याच डब्याला टेकलेली होती. माळ्याच्या वर टिनाचे पत्रे आणि खाली, भिंतीच्या पलीकडे, चूल. मी विषय काढला तेव्हा वडील म्हणाले, “मी तं माळ्यावरच ठेवत आलो ना बापू, काही झालं काय?” या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नसते, कारण काही झालेले नव्हते हे खरेच होते. शिवाय त्यांची एक गोष्ट अगदी बरोबर होती: उंचावर आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी जागा त्यांनी निवडली होती. आईचे आणि माझ्या पत्नीचे मत मात्र ही वस्तू घरातच नको, असे होते. पुलगावच्या दारूगोळा भांडारात २०१६ साली लागलेली आग आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील आयुध निर्माणीतला २०२५ चा स्फोट, या दोन्ही गोष्टी आमच्या भागात दूरच्या बातम्या नाहीत. आपल्या घरातली अर्धा शेर दारू आणि ते कारखाने यांची तुलना होत नाही, असे मी म्हणालो खरा. पण त्यांची भीती अनाठायी नव्हती.

ठासणीच्या बंदुकीत वापरतात ती काळी दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण होय. आजच्या काडतुसांतील धूररहित दारू उघड्यावर पेटली तर तुलनेने सावकाश जळते. काळी दारू उघड्यावरही क्षणात भडकते आणि कोंडलेली असेल तर भांडे फोडते. ती पेटायला ज्योतच लागते असे नाही; लोखंडावर लोखंड घासून उडालेली ठिणगी पुरते. कारखान्यातील दाण्यांना ग्रॅफाइटचा चकचकीत लेप दिलेला असतो, त्यामुळे दाणे सुटे राहतात आणि स्थिर विजेचा धोकाही कमी होतो, पण नाहीसा होत नाही. जुनी दारू मेलेली असते, हा समज तर फारच धोक्याचा आहे. कोरडी राहिली तर काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि ओली होऊन पुन्हा वाळलेली दारू पूर्वीसारखी एकसारखी जळली नाही तरी पेटते निश्चित.

म्हणूनच त्या तुपाच्या डब्याचे काय करावे हा पहिला प्रश्न होता. गठ्ठे फोडून, चाळून ती वापरावी असे सुचविणारे गावात निघालेच. मी तो डबा उघडलासुद्धा नाही, कारण गंजलेले झाकण उचकटणे म्हणजेच लोखंडावर लोखंड घासणे. विक्रेत्याला दूरध्वनीवरून विचारले तेव्हा त्यांनी आधी हेच बजावले की तो डबा पिशवीत घालून एसटीने माझ्याकडे आणू नका. प्रवासी गाडीतून स्फोटक नेणे हा गुन्हा आहे, आणि आपल्याबरोबर बसलेल्या माणसांवर अन्यायही आहे. विहिरीत किंवा नाल्यात टाकण्याचा सल्लाही मी मानला नाही. पाण्यात शोरा विरघळतो खरा, पण मग तो त्याच पाण्यात राहतो आणि ते पाणी गुरे पितात. अखेर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. डबा कोठून आला, किती जुना आहे आणि तो का नको आहे, हे स्पष्ट लिहिले. आपणहून कळविल्यामुळे संशयाने पाहिले जाईल ही माझी शंका फोल ठरली. बॉम्बशोधक व नाशक पथकाचे लोक त्यांच्या सवडीने आले, पंचनामा झाला आणि डबा गेला. तोपर्यंत तो माळ्यावर ज्या जागी होता त्याच जागी राहू दिला, टोप्या तेवढ्या हाताने उचलून दुसऱ्या खोलीत नेल्या आणि त्या काळात भिंतीपलीकडची चूल बंद ठेवून स्वयंपाक पडवीत केला. पत्नीने त्यावरून मला जे ऐकविले ते येथे लिहीत नाही.

चांगली दारू कशात ठेवायची, यावर मात्र मला बरेच डोके घालावे लागले. बंदूक लोखंडी कपाटात असल्यामुळे दारूही तेथेच, वरच्या कप्प्यात ठेवून एकच कुलूप लावावे, असे परवान्याच्या चौकशीला आलेल्यांपैकी एकाने सुचविले. वरवर पाहता यापेक्षा सोपे काही नाही. विक्रेत्याने मात्र साफ नकार दिला. “भाऊ, दारू लोखंडात कोंडू नका,” ते म्हणाले, “पेटली तर कपाटच तोफगोळा होईल.” कारण समजून घेतल्यावर पटले: जाड लोखंडी पेटीत दारू पेटली की वायूला बाहेर पडायला वाट नसते, दाब वाढत जातो आणि पेटी फुटून तिचेच तुकडे उडतात. लाकडाची पेटी घरातल्या आगीत उष्णता आत जायला वेळ लावते, आणि आत दारू पेटलीच तर लवकर उकलून दाब मोकळा करते. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या मानकातही घरी ठेवायच्या काळ्या दारूसाठी निदान एक इंच जाडीच्या फळ्यांची लाकडी पेटीच सांगितली आहे. चोरापासून लोखंड बरे आणि आगीपासून लाकूड बरे, असा हा पेच होता. बंदूक लोखंडी कपाटात, दारू लाकडी पेटीत, आणि ती पेटी ज्या खोलीत आहे त्या खोलीलाच भक्कम कुलूप, अशी त्याची सोडवणूक मी केली.

गावच्या सुताराकडून जुन्या सागवानी फळ्यांची पेटी करून घेतली. आत खिळा दिसता कामा नये, सांधे खाचेचे असावेत, जेथे स्क्रू लागेल तेथे तो पितळी असावा आणि कडी-कोयंडाही पितळी असावा, असे मी सांगितले तेव्हा त्याने, “दागिने ठेवता काय जी यात?” असे विचारले. दारू मूळ वेष्टनातच ठेवली. काचेच्या बरणीत ती दिसायला छान दिसते, पण ऊन लागते आणि फुटली तर काचा उडतात; स्टीलच्या घट्ट फिरकीच्या डब्यात पुन्हा कोंडण्याचा दोष येतो आणि फिरकीत अडकलेले दाणे झाकण फिरवताना रगडले जातात. शिवाय मूळ वेष्टनावर काय आहे ते लिहिलेले असते. आपण नसताना कोणी ते उचलले तर त्याला कळायला हवे.

जागेसाठी सगळे घर फिरलो. माळा बाद झाला होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाखाली हात ठेववत नाही. त्या उष्णतेने दारू आपोआप पेटत नाही, त्यासाठी शेकडो अंशांचे तापमान लागते. पण वेष्टनाचे प्लास्टिक मऊ पडते, आणि स्वयंपाकघराच्या डोक्यावरची जागा तशीही नकोच होती. देवघरात समई असते. पंपाच्या खोलीत स्टार्टर प्रत्येक वेळी ठिणगी टाकतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून चार्ज होताना ज्वलनशील वायू निघतो. कोठ्यात कुटार आणि ढेप, आणि बाहेर पऱ्हाटीचा ढीग. एक बिडी पुरे. खतांच्या खोलीचा विचार मी बराच वेळ केला, कारण ती घरापासून वेगळी आहे. पण तेथे संत्र्यासाठी आणलेले १३:०:४५ होते. हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, अर्थात शोराच. आणि शेजारी फवारणीचे गंधक. आगीला पोसणाऱ्या या मालाशेजारी दारूची पेटी ठेवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा झाला असता.

शेवटी अंगणाच्या टोकाची जुनी बियाण्याची खोली निवडली. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, उत्तरेकडे दार, आणि मुख्य म्हणजे तेथे वीज कधी नेलेलीच नव्हती. ती आता मुद्दाम नेली नाही. पावसाळ्यात जमीन ओल धरते, म्हणून पेटी लाकडी पाटावर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवली. खोलीत दुसरे काहीही ठेवायचे नाही असा नियम केला. तो पाळणे सर्वांत अवघड गेले. खेड्यातल्या घरात मोकळी खोली दिसली की तिच्यात पोते येऊन पडतेच.

टोप्या मात्र तेथे नाहीत. २००८ च्या स्फोटक नियमांत बंदुकीची दारू पहिल्या वर्गात आणि टोप्या दारूगोळ्याच्या सहाव्या वर्गात मोडतात. कागदावरचा हा भेद घरातही पाळण्यासारखा आहे. टोपी पेटायला ठिणगी लागत नाही, आघात पुरतो, आणि तिची तर निर्मितीच दारू पेटविण्यासाठी झालेली असते. त्या दोघींना एका पेटीत ठेवणे हे मला माळ्यापेक्षाही घातक वाटते. टोप्या आता घरातल्या कपाटात, मूळ डबीत आहेत.

हाताळण्याच्या सवयीही बदलल्या. पेटी दिवसाच उघडायची. खोलीत कंदील, बॅटरी, मोबाइल न्यायचा नाही. हिवाळ्यात हवा कोरडी पडते तेव्हा नायलॉनचे जर्किन घालून आत जायचे नाही. आधी ओल्या मातीला हात टेकवायचा. जागलीपुरते बार मापून लहान नळ्यांत भरायचे आणि मुख्य वेष्टन पेटीतच ठेवायचे. डब्यातून सरळ बंदुकीच्या नळीत दारू ओतण्याची जुनी पद्धत वडिलांनाही मी सोडायला लावली, कारण आधीच्या बाराची एखादी धुमसती चिंधी नळीत राहिली असेल तर ज्वाला हातातल्या डब्यापर्यंत येते. सांडलेले दाणे ओल्या फडक्याने टिपायचे. सालदाराला बिडीबाबत सांगितले, तेव्हा त्याने खोलीच्या बाजूने जाणेच सोडले. मुलांना मात्र मी खोली उघडून पेटी दाखविली. दिवाळीत न उडालेले सुतळी बॉम्ब सोलून आतली दारू कागदावर पेटविणारी पोरे आमच्या गल्लीत आहेत, आणि लपविलेली वस्तू त्यांना आधी सापडते असे माझे मत आहे.

प्रमाणाचा विचार शेवटी केला, खरे तर तो आधी करायला हवा. परवान्यावर एका वेळी किती बाळगता येईल आणि वर्षभरात किती घेता येईल याच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्या मर्यादेइतका साठा केलाच पाहिजे असे नाही. एका हंगामात लागेल त्याहून अधिक मी आणत नाही, आणि आणलेली व वापरलेली दारू वहीत टिपतो. घरी दारू करण्याचे जुने किस्से ऐकायला बरे वाटतात. विनापरवाना ती तयार करणे गुन्हा आहे आणि त्यात बोटे गमावलेली माणसे जुन्या पिढीने पाहिली आहेत.

चौकशीत पोलिसांनी कपाट, खोली आणि वही पाहिली. पुढे फाइल बऱ्याच टेबलांवरून फिरली आणि परवाना माझ्या नावावर झाला. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे, हा एक दिलासा. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करण्याची सूचना आली की दारूचे काय, हे मी आता आधीच लेखी विचारून ठेवतो. बियाण्याच्या खोलीत काय आहे ते पोलीस पाटील आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवले आहे. आग त्या खोलीपर्यंत पोहोचली तर बादल्या घेऊन कोणीही तिकडे धावायचे नाही. माणसे आणि गुरे सोडवून दूर जायचे आणि अग्निशमन दलाचे लोक आले की पेटी कोणत्या भिंतीला आहे ते सांगायचे.