हाड की दगड? गोदाकाठच्या तुकड्यांची चालू नोंद

जीवाश्म हाडांच्या शोधात गोळा केलेला गच्चीवरचा ढीग अखेर निवडून झाला. निफाडच्या बाजूला कादवा नदीची दरड दर पावसाळ्यात ढासळते, तिथलं आणि सायखेड्याच्या खालच्या अंगाला गोदेच्या गोट्यांत मिळालेलं सगळं धुऊन, सावलीत वाळवून तीन डब्यांत लावलं: 'नक्की दगड', 'नक्की हाड' आणि 'बघू'. पहिला डबा ओसंडून वाहतोय, दुसऱ्याचा तळ दिसतोय. नाशकात हे असंच होणार.

आपल्याकडचा दगडच मुळात फसवा. पांडवलेणीपासून रामशेजपर्यंत सगळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या लाव्हात हाड शोधणं म्हणजे वेळेचा अपव्यय. दोन लाव्हाथरांमधल्या तळ्यांच्या गाळात जीवाश्म मिळतात, पण त्यासाठी नाव घ्यायचं ते नागपूरकडचं. आपली आशा आहे ती नदीच्या जुन्या गाळावर. नांदूर मध्यमेश्वरला याच गाळात मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांवर भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली लिहिलं होतं. तो आजच्या हत्तीहून बराच थोराड, सरळ सुळ्यांचा हत्ती. (तिथे आता पक्षी अभयारण्य आहे. आत गेलात तर दुर्बीण काढा, खुरपं नको.)

'नक्की दगड' डब्यात दोनच जातीचे ठग आहेत. पहिला सच्छिद्र बेसॉल्ट. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं भरतात. झिजून हे भरण गळून पडलं की उरलेला भोकाभोकांचा दगड लांबून थेट हाडाच्या आतल्या भागासारखा दिसतो. दुसरा ठग चुनखडीचे खडे. मुळांभोवती चुना साकळून बनलेल्या नळ्या तर हुबेहूब बोटांची हाडं! फोटोत भले भले फसतील, म्हणून नुसत्या आकारावर निकाल देणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही.

मी बघतो ती तुटलेली कड. 'नक्की हाड' डब्यातला सगळ्यात चांगला तुकडा चार बोटं लांब, गडद तपकिरी, वर मँगनीजचे काळे ठिपके. दहापट भिंगाखाली कड धरली की बाहेरचा थर घट्ट, त्यात सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं. ही छिद्रं म्हणजे हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. आत जावं तसा थर विरळ होत जातो आणि शेवटी वाळलेल्या घोसाळ्यासारखी जाळी लागते, सगळ्या पोकळ्या एकमेकींत उघडणाऱ्या. बेसॉल्टमधली भोकं सुटी सुटी असतात, गोल किंवा लाव्हा वाहिला त्या दिशेला ताणलेली, आणि घट्ट साल ते जाळी अशी चढउतार त्यांच्यात नसते. चुनखडी फोडली तर आत नुसता पिठूळ एकजिनसी गाभा, फार तर मधोमध मुळाचं भोक.

बाकीच्या चाचण्या मदतीला आहेत, निकालाला नाहीत. दोऱ्याला टांगलेलं निओडायमियम चुंबक बेसॉल्टकडे झुकतं, कारण त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. हाडाकडे सहसा ढिम्म. पण चुंबक झुकलं नाही म्हणून ते हाड ठरत नाही, चुनखडीकडेही ते झुकत नाही. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुनखडीवर फसफसतो, पण हाडाच्या छिद्रांत चुना भरला असेल तर तेही फसफसतं. शिवाय आम्ल नमुना खातं, त्यामुळे चांगल्या तुकड्यावर मी ते घालतच नाही. जीभ लावून बघायची जुनी पद्धत गोदेच्या पाण्यात पडलेल्या वस्तूवर करायची? माफ करा. ओलं बोट टेकवा, चिकटतं का बघा. अर्थात सुकी चिकणमातीही चिकटतेच.

हाड ठरलं तरी ते जुनं आहे का, हा प्रश्न उरतो. नदीकाठी गाईम्हशींची ताजी हाडं पैशाला पासरी. कोपऱ्यावर तापवलेली सुई टेकवली आणि केस जळल्याचा वास आला, तर आत कोलॅजेन (हाडातलं प्रथिन) शिल्लक आहे, म्हणजे हाड बहुधा अलीकडचं. माझ्या तपकिरी तुकड्याला वास नाही, आणि तेवढ्याच आकाराच्या म्हशीच्या हाडापेक्षा तो हाताला चांगला जड लागतो. पुण्यातल्या एका जाणकार बाईंना फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, गोवंशातल्या मोठ्या जनावराच्या पायाच्या हाडाचा भाग वाटतो, पण थर माहीत नसेल तर वय विचारू नका.

म्हणून आता पद्धत बदलली आहे. दरडीत अडकलेलं काही दिसलं की आधी पट्टी ठेवून फोटो, मग वरून किती खाली आणि कोणत्या थरात ते टिपणं: गोट्यांचा चुन्याने घट्ट झालेला थर, पिवळी माती की वरची काळी. जागचं उपटायचं नाही. ते काम जाणकारांचं. उचलतो ते फक्त खाली गळून पडलेलं, आणि त्याच्या चिठ्ठीवर तसं लिहितो.

'बघू' डब्यातल्या काही तुकड्यांच्या कडा गोलसर झिजल्यामुळे काहीच दिसत नाही. त्यांची एक बाजू बारीक पॉलिश पेपरवर पाणी टाकून घासायला घेतली आहे. एकात ठिपक्यांसारखं काहीतरी दिसतंय, पण अजून घासायचंय.