चाळीस कवड्यांची सर

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनला आम्ही गेलो ते काजूसाठी. सासरचा वेंगुर्ल्याला काजूचा छोटा कारखाना आहे. कोकणातली बी काही वर्षभर पुरत नाही, मग आफ्रिकेतून आणावी लागते. मार्च २०१९ मध्ये ह्यांच्याबरोबर मीही तिथल्या कोटोनू शहरात गेले. चार दिवस गोदामं, पोती, बी कापून गर किती निघतो ते बघणं आणि उकाडा. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही.

पाचवा दिवस रविवार, म्हणून विदाला गेलो. कोटोनूपासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. लाल मातीचं, झोपाळू वाटणारं गाव. साधारण दोन शतकांत दहा लाखांहून जास्त माणसं इथून गुलाम म्हणून जहाजांवर चढवली गेली. आफ्रिकेच्या सगळ्या किनाऱ्यावर याहून जास्त माणसं फक्त अंगोलातल्या लुआंडाहून गेली असतील. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं, आणि खरं सांगते, वाचून मला विशेष काही झालं नव्हतं. हे पाप पोर्तुगीजांचं, इंग्रजांचं, फ्रेंचांचं. आपण पाहुणे, बघायचं, हळहळायचं, परत यायचं, असंच डोक्यात होतं.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा, मूळचा शाळामास्तर. त्याने आधी चौकात नेलं. इथे माणसांची बोली लागायची. चौकाला नाव आहे 'चाचा'चं. चाचा म्हणजे फ्रान्सिस्को फेलिक्स डिसूझा, ब्राझीलहून आलेला व्यापारी. इथल्या जुन्या दाहोमे राज्याच्या घेझो राजाला १८१८ मध्ये गादीवर बसवायला त्याने मदत केली आणि बदल्यात विदाचा सगळा व्यापार त्याच्या हातात आला. १८४९ मध्ये तो वारला. त्याचे वंशज आजही तिथेच राहतात. मास्तर म्हणाला, "पकडून आणणारे, विकणारे आमचेच राजे होते. गोऱ्यांना आत शिरून पकडायची गरजच पडली नाही. ते किल्ल्यात बसून वाट बघायचे." हे सांगताना त्याने आवाज खाली केला नाही, याचं मला फार वाटलं. आपल्याकडे गावातल्या जुन्या अन्यायाबद्दल असं उघड्यावर कोण बोलतं?

चौकापासून थोडं पुढे एक म्हातारी चटई टाकून बसली होती. चटईवर मुळ्या, पोपटाची पिसं, सुकलेली काहीबाही जनावरं आणि कोपऱ्यात कवड्यांचा ढीग. मी पटकन खाली बसले. परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. तीच पिवळट, गुळगुळीत कवडी. पाठ घासून भोक पाडलेली, म्हणजे दोरा ओवता येतो.

मास्तर मागून म्हणाला, "ही इथली नाही. आमच्या समुद्रात ही होत नाही. ही तुमच्या समुद्रातली."

मग उन्हात उभं राहून त्याने मला सगळं सांगितलं. कवड्या मालदीवच्या. तिथून गलबतांनी बंगालच्या आणि सिलोनच्या बंदरांत यायच्या. तिथे डच आणि इंग्रज कंपन्या त्या घेऊन जहाजाच्या तळाशी वजन म्हणून भरायच्या. ॲमस्टरडॅमला, लंडनला त्यांचा लिलाव व्हायचा, आणि गुलाम विकत घ्यायला निघालेली जहाजं त्या पिंपांनी भरून इथे आणायची. इथे कवडी म्हणजे रोकड. चाळीस कवड्यांची एक सर. पाच सरी म्हणजे दोनशे, त्याला नाव 'गालिन्या', पोर्तुगीजमध्ये कोंबडी. अशा वीस कोंबड्या म्हणजे चार हजार कवड्या, त्याचं नाव 'काबेस'. काबेस म्हणजे डोकं. एका माणसासाठी अशी कितीतरी डोकी मोजावी लागत. उरलेली किंमत बंदुका, दारू, तंबाखू आणि कापडात. कापडही पुष्कळसं गुजरातचं आणि मद्रासच्या किनाऱ्यावरचं.

माझं माहेर बार्शीचं. आजी आराधीण होती. मंगळवारी, शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती पाच घरं जोगवा मागायची. लहानपणी तिच्या मांडीवर झोपताना त्या कवड्या गालाला गार लागायच्या. आईचा दागिना म्हणायची ती. कवडीमोल, फुटकी कवडी हे शब्द घरात रोज तोंडात, पण ती माळ मात्र कोणी ओलांडायचं नाही. त्याच शिंपल्याने इथे बाया, पोरं मोजून घेतली होती.

मला उठवेना. म्हातारीला वाटलं मी भाव करतेय. तिने बोटांनी किंमत दाखवली. मी पाच कवड्या घेतल्या, मग परत ठेवल्या, पैसे मात्र तिथेच ठेवले. ती रागावली असावी. ह्यांनी विचारलं, काय झालं? मला तिथे सांगता आलं नाही.

चौकातून समुद्र चार किलोमीटर. हा सगळा रस्ता साखळदंडांत चालवत नेत. वाटेत एक जागा आहे, विसरण्याच्या झाडाची. झाड आता नाही, जलपरीचा पुतळा आहे. पुरुषांनी झाडाला नऊ फेऱ्या मारायच्या, बायकांनी सात. त्यात गाव, नाव, आईबाप विसरायचं, असं गावात सांगतात. आपल्याकडे वडाला सात फेऱ्या मारून सात जन्म मागतो आम्ही. पुढे अंधारकोठडीची जागा, तिचं नाव झोमाई, जिथे उजेड जात नाही अशी. जहाजाच्या पोटातल्या अंधाराची सवय व्हावी म्हणून माणसांना तिथे कोंडत. आणखी पुढे, परतीचं झाड. त्याला तीन फेऱ्या मारल्या की देह कुठेही पडला तरी जीव माघारी येतो. मी मारल्या तीन फेऱ्या. कोणासाठी ते विचारू नका.

किनाऱ्यावर १९९५ मध्ये उभारलेली मोठी कमान आहे, जिथून परत येणं नाही ती. वर दोन रांगा कोरल्यात, उघडी, बांधलेली माणसं समुद्राकडे चालताहेत. आमच्याबरोबर कोटोनूतला एक भारतीय व्यापारी होता. त्याने रांगेतल्या माणसांसारखे हात मागे बांधून, हसत फोटो काढून घेतला. मला त्याचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलायला हवं होतं, तिथल्या तिथे.

इथे जहाज किनाऱ्याला लागत नसे, लाटाच तशा आहेत. होड्यांतून माणसं बाहेर न्यायची. होडी उलटली की साखळीसकट बुडायची. त्याआधी तापल्या लोखंडाने कातडीवर कंपनीची खूण उठवायची. पुढे अटलांटिक ओलांडायच्या दोनेक महिन्यांत, सगळ्या आफ्रिकेतून नेलेल्या साधारण सव्वा कोट माणसांपैकी अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. १८६० मध्ये, अमेरिकेत गुलाम आणण्यावर कायद्याने बंदी येऊन पन्नास वर्षं उलटल्यावरही, 'क्लोटिल्डा' जहाज याच किनाऱ्यावरून एकशे दहा माणसं तिथल्या अलाबामाला घेऊन गेलं. त्यातला कोसोला नावाचा एकजण १९३५ पर्यंत जिवंत होता. माझी आजी तेव्हा जन्मलेली होती.

वाळूत पोरं खेळत होती. मला बघून ओरडली, "योव्हो! योव्हो!" ह्यांनी मास्तरला अर्थ विचारला. परका, गोरा, तो म्हणाला. मी सावळी बाई, पण त्यांच्यासाठी मी समुद्राकडून आलेली.

दिवाळीला बार्शीला गेले. आजी नाही आता, माळ काकूकडे. देव्हाऱ्यातून काढून मांडीवर घेतली. दोरा तेलाने काळा पडलाय. प्रत्येक कवडीची पाठ घासून भोक पाडलेलं, विदाच्या चटईवर होतं तसंच. मी एकेक कवडी अंगठ्याखाली सरकवत मोजायला लागले. सव्वीसपर्यंत आले असेन, काकू आतून म्हणाली, "मोजू नये गं देवीची माळ."

मी माळ परत परडीत ठेवली.