बाह्यांना खळ

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज अख्खा दिवस शेजारीच होते. ग्वाम बेटावर डेडेडो गावात राहायला आल्यापासून त्यांच्याकडे जाणंयेणं रोजचंच आहे, पण त्यांची बावीस वर्षांची लेक ब्युटी पेजंटमध्ये उतरतेय आणि चामोरो, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, मुलगी म्हणून स्टेजवर घालायचं काय यावर त्या घरात पंधरा दिवस नुसती वादावादी चाललीये. माझ्याकडे शिलाई मशीन आहे म्हणून मी पण त्यात.

तिच्या आतेभावाचं म्हणणं, लाट्टेचा मुकुट कर. लाट्टे म्हणजे जुन्या चामोरो घरांखालचे दगडी खांब, खाली हालिगी आणि वर वाटीसारखा टासा. तिच्या आईला हवा मेस्टिसा, तो उभ्या फुगीर बाह्यांचा झगा. यावर आतेभाव चिडला, म्हणे तो तर स्पॅनिश लोकांमुळे आणि फिलिपीन्समधून आला, आपला कसा? त्याचं चूक नाहीये. 1668 ला स्पॅनिश मिशन आलं आणि पुढच्या काही वर्षांत लढाया आणि साथींनी इतके चामोरो मेले की जुनं फार थोडं उरलं, मग उरलंय ते तरी मिरवूया असं त्याला वाटतं. पण मला आपली मिरची आठवली. ती पण पोर्तुगीजांबरोबरच आली ना, म्हणून ठेचा आपला नाही असं कोण म्हणेल? इथे पण सोया सॉस, लिंबू, कांदा, मिरचीचं फिनादेनी ताटात नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही.

शेवटी आजी बोलली. तिला घरात सगळे नाना म्हणतात. ती एवढंच म्हणाली की माझी आई हाच घालून चर्चला जायची. झालं, मेस्टिसा ठरला, आणि गळ्यात स्पॉन्डिलस शिंपल्याचे केशरी मणी, जे जुन्या चामोरो बायका घालायच्या. दोन्ही काळ एकाच अंगावर. मला फार आवडलं हे.

खरं सांगते, मला या स्पर्धा कधीच पटल्या नाहीत, पोरींना मापात बसवणं अजूनही पटत नाही. पण इथे राहून एक कळलं. ग्वाम 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, 1950 पासून इथले लोक अमेरिकन नागरिक आहेत, तरी इथे राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. जगात फार कमी ठिकाणी या बेटाचं नाव वेगळं घेतलं जातं, एक ऑलिम्पिक आणि एक हे पेजंट. 1980 ला मिस वर्ल्ड झालेल्या जर्मन मुलीनं जेमतेम अठरा तासांत मुकुट सोडला आणि तो ग्वामच्या किम्बर्ली सान्तोसला मिळाला, हे आमच्या शेजारच्या मुलीची आई अजून असं सांगते जणू घरातलंच कार्य होतं. आपल्याकडे नाही का 1966 च्या रीटा फारियाचं नाव घेतात, तसंच.

संध्याकाळी भाषेची प्रॅक्टिस. स्टेजवर पहिलं वाक्य चामोरोत म्हणायचंय, "हाफा अदाय, ग्वाहू सि", म्हणजे नमस्कार, मी, आणि पुढे नाव. एवढंच. पण पोरीच्या तोंडात ते बसेना, "हाफा"मधला आ आपल्या ऑ कडे झुकतो आणि तिचा सारखा इंग्रजीसारखा सपाट येत होता. 1917 ला इथल्या अमेरिकन नेव्हीच्या गव्हर्नरनं चामोरो बोलण्यावर बंदी घातली होती, आणि नाना लहान असतानाही शाळेत चामोरो शब्द तोंडातून निघाला की शिक्षा व्हायची. म्हणून तिनं स्वतःच्या मुलांना शिकवलीच नाही, त्यांना मार बसू नये म्हणून. आणि आज तीच नाना नातीची हनुवटी बोटांत धरून, जबडा थोडा खाली ओढून दाखवत होती, असं उघड, असं. तीस-चाळीस वेळा तरी झालं असेल. एकदा बरोबर आलं तेव्हा नाना काही बोलली नाही, फक्त हात सोडला आणि खिडकीकडे बघत बसली. मी सुईत दोरा ओवत होते, तो मला ओवताच येईना.

मग बाह्यांचा प्रश्न. नवीन कापड पडतंच होतं, स्प्रे मारून पण उभं राहिना. मी म्हटलं थांबा, आणि घरून साबुदाणा आणला. आईच्या सुती साड्यांना आम्ही साबुदाण्याची खळ करायचो तशीच केली, पातळ शिजवली, गाळली, बाह्या बुडवून हलक्या हातानं पिळल्या. साबुदाणा शेवटी टॅपिओकाचाच आणि टॅपिओका तर इथे परसातच लावतात. नानानं बोटांनी खळ चोळून बघितली आणि मान हलवली.

निघताना त्या मुलीनं माझा उजवा हात धरला, वाकून त्या हाताच्या मागच्या बाजूला नाक टेकवलं आणि "न्योरा" म्हणाली. इथे मोठ्यांना असाच नमस्कार करतात. याचं उत्तर मला नानानंच शिकवलंय, "दियोस्ते आयुदी", ते म्हटलं, आणि नंतर आपोआप तिच्या डोक्यावर हात गेला.

बाह्या आता आमच्या हॉलमध्ये हँगरला आहेत. हवा इतकी दमट आहे की रात्रभरात वाळतील असं वाटत नाही, थोड्या ओलसर असतानाच सकाळी इस्त्री फिरवायला हवी. पंखा पाचवर ठेवलाय.