पुराची रेघ

दिवाळीच्या आधी सांगलीतल्या मारुती चौकाजवळच्या आमच्या जुन्या घराचं रंगकाम काढलं होतं, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी पेंटरचा फोन. "साहेब, हॉलच्या भितीवर रेघा हायत्या, त्या ठेवायच्या का मारायच्या?"

रेघा म्हणजे पुराच्या. आमच्याकडे तीन आहेत, सगळ्यात वर २०१९ ची, आणि खाली २००५ ची नि २०२१ ची एकमेकींना अगदी खेटून. २००५ ची अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पाणी ओसरल्यावर निळ्या पेन्सिलीने मारलेली. मी म्हटलं, रेघा सोडून मार बाबा, आणि फोन ठेवला.

पण विषय निघाला ना. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचे पूर सुरू झाले. सांगलीकराला पुराबद्दल बोलायला निमित्त लागत नाही, पावसाळ्यात तर चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?" हाच असतो (आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पाणी तिथंच मोजतात), ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं हे शेंबड्या पोरालाही पाठ. तर मीही लिहिलं, २००५ ला आजी देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण पदरात बांधून बोटीत उतरत होती, बोट डुगडुगली आणि मी पटकन तिचा हात धरला, तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला घासल्या ते अजून आठवतंय वगैरे वगैरे. बरंच लांबलचक लिहिलं, जरा डोळेही पाणावले माझे.

ताईचा रिप्लाय आला, "तू कुठं होतास? तू पुण्यात होस्टेलला होतास. रस्ते बंद म्हणून येता येईना आणि फोनवर रडत होतास."

मी भांडलो. चांगला अर्धा तास भांडलो, हो. मग तिने फोटो टाकला, समोरच्या गच्चीवरून कुणीतरी काढलेला, आमच्या शोकेसमध्ये कित्येक वर्षं होता तो. बोट आहे, आजी आहे, पदराची गाठ आहे, आणि आजीचा हात धरलेली ताई आहे. मी नाहीच त्यात. बांगड्या कुठून आल्या देव जाणे.

मग मी दोन दिवस हेच वाचत बसलो, कारण असं आपलं एकट्याचंच झालंय का हे बघायचं होतं. नाही झालेलं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्या उडाल्या फुटलं, तेव्हा नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा कुठे होतात, कुणी सांगितली, काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत तेच विचारलं, तर ११ जणांचं एकही उत्तर आधीच्याशी जुळेना, आणि तरी पठ्ठे ठामपणे सांगत होते. गंमत म्हणजे त्यांचाच जुना कागद त्यांच्यासमोर ठेवला तरी खरी आठवण परत आलीच नाही. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की मी ते ग्रुपवर टाकलं, ताईने फक्त अंगठा दाखवला.

आपण काय समजतो, की डोक्यात एक माळा आहे, त्यावर ट्रंका आहेत, पाहिजे ती ट्रंक काढायची आणि झाकण उघडायचं. तसलं काही नाहीच म्हणे. कानाच्या पातळीला आत खोल दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा वाकडा भाग असतो, समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव, तो एका प्रसंगाचे तुकडे, म्हणजे वास, आवाज, चेहरे, जागा, यांची मोट बांधतो, आणि आठवताना ती मोट दर वेळी नव्याने बांधली जाते. एखादा तुकडा सापडला नाही तर आजूबाजूचं काहीतरी घेऊन भरतो. वर आणखी असं की आठवण एकदा वर काढली की ती थोडा वेळ ओली होते आणि परत पक्की व्हावी लागते, २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात हे नीट दिसलं. म्हणजे जी गोष्ट आपण जास्त वेळा सांगितली तिलाच जास्त वेळा हात लागलेला. माझी बोट मी कॉलेजात, ऑफिसात, लग्नाच्या बैठकीत सगळीकडे सांगितलेली आहे.

अण्णांचं मात्र उलटं आहे. अण्णा आता अठ्ठ्याऐंशीचे, विश्रामबागला आमच्याकडेच असतात. चहा पिऊन कप खाली ठेवतात आणि विचारतात, चहा कधी करताय. नातसुनेला कधीकधी आजीच्या नावाने हाक मारतात, ती पण ओ देते. पण उभी हयात हळदीच्या पेठेत दिवाणजी म्हणून गेलेली, त्यामुळे हातात हळकुंड दिलं की माणूस बदलतो. नखाने खरवडतात, मग कानाजवळ नेऊन कट्कन मोडतात, आवाज ऐकतात, आणि "ओल आहे अजून" म्हणून बाजूला ठेवतात. सात औट, म्हणजे सात साडेतीन, किती म्हटलं की मी मोबाईल काढेपर्यंत साडेचोवीस. पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे तेही दाखवतात, माझा हात टॉवेलखाली घेतात आणि बोटं अशी दाबतात की मला काही कळत नाही पण त्यांचा सौदा झालेला असतो.

हे दोन्ही एकाच डोक्यात कसं राहतं? तर हेन्री मोलायसन म्हणून एक अमेरिकन होता, फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ ला त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला, वय २७. त्यानंतर तो २००८ ला वारला तोपर्यंत त्याला नवीन काही लक्षातच राहीना, रोज भेटणारी डॉक्टर रोज नवी. पण ब्रेंडा मिलनर या बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, तर तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार चालायला लागला, आणि त्याला मात्र वाटायचं आपण हे पहिल्यांदाच करतोय. म्हणजे हाताच्या सवयींचं खातं वेगळंच आहे. आणि जुनं शेवटी जातं, नवं आधी जातं, हे रिबो नावाच्या फ्रेंच माणसाने १८८१ लाच लिहून ठेवलंय, त्याला अण्णा भेटले नव्हते तरी.

या सगळ्यात माझी लेक. ती २०१७ ची, २०१९ च्या पुरात दोन वर्षांची होती. तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी सहसा कुणाला आठवत नाही, तो समुद्रघोडाच अजून तयार होत असतो आणि सांगायला भाषाही नसते. पण ती आता शाळेत रंगवून सांगते, मी बोटीत बसले, पाऊस होता, पप्पांनी मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. इथपर्यंत ठीक, फोटो आहेत. गेल्या वर्षीपासून त्यात एक मगर आली आहे. आता कृष्णेत मगरी आहेत हे खरंय त्यामुळे एकदम खोटं आहे असंही म्हणता येत नाही, आणि यंदा मगर बोटीच्या जवळ सरकलीय. बायको म्हणाली, समजाव तिला जरा. मी कुठल्या तोंडाने समजावू?

असो. रंगकाम संपलं म्हणून रविवारी अण्णांना गाडीत घालून जुन्या घरी गेलो. हॉल पिस्ता रंगाचा, झकास. भिंतीवर तीन रेघा, काळ्या ऑइलपेंटच्या, सरळसोट, शेजारी दुकानाच्या पाटीसारख्या सुबक आकड्यांत सालं घातलेली. मी म्हटलं, "अहो, सोडून मारा म्हटलं होतं ना?"

"ओल लई हुती साहेब, पुट्टी भरावीच लागली, त्यात गेल्या. पर मला ध्यानात हुतं की. बराबर तितंच मारल्यात बगा."

२००५ आणि २०२१ मध्ये आता चांगलं वीतभर अंतर होतं. मी काही बोलणार एवढ्यात अण्णा काठी टेकत भिंतीपाशी गेले, २००५ च्या रेघेवर तळवा ठेवला, वर बघितलं, खाली बघितलं.

"हां," म्हणाले. "इथंच होतं पाणी."