कापूर-पोलॅरिमीटर: आकडा एकदाचा जागेवर बसला

मंडळी, साखरेच्या पाण्याचं रीडिंग काल रात्री पुन्हा घेतलं आणि ते परवाच्या रीडिंगशी तंतोतंत जुळलं. मागच्या नोंदीतल्या ज्या घोळानं जीव मेटाकुटीला आणला होता (तेच द्रावण दर वेळी तीन-चार अंश वेगळं दाखवायचं), तो संपला. घोळ कशामुळे होता ते सविस्तर लिहितो, कारण आपल्यातले आणखी काही जण हेच यंत्र जुळवताहेत आणि त्यांनाही तो भेटणारच आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. पोलॅरिमीटर म्हणजे ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा) द्रावणातून जाताना किती अंश वळतो ते मोजणारं यंत्र. त्यावरून कापूर झाडाचा की कारखान्यातला ते ओळखायचं; साखरेचं वळण आधीच माहीत असतं, म्हणून ती यंत्र तपासायला. कापराच्या झाडातून निघालेला कापूर ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतो. औषधकोशात नैसर्गिक कापराचं विशिष्ट वळण (मिलिलिटरला एक ग्रॅम आणि १० सेंटिमीटर उंची या हिशेबानं) ४१ ते ४३ अंश दिलेलं असतं. टर्पेंटाइनपासून बनवलेल्या कापरात मात्र उजवे आणि डावे (एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले) रेणू जवळपास समसमान असतात, कारण टर्पेंटाइनमधल्या पायनीनचं कापराच्या वाटेवर कॅम्फीन होताना रेणूची इतकी उलटापालट होते की मूळची बाजू शिल्लकच राहत नाही. मग वळण शून्य. रेणूसूत्र तेच, वास तोच, जळणं तेच. फरक सांगतो तो फक्त प्रकाश. ज्याँ-बाप्तिस्त बियो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं १८१५ साली द्रवांमधलं हे वळण पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या नमुन्यांत टर्पेंटाइन होतं आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला कापूरही होता. दोनशे वर्षांनी तोच प्रयोग ठाण्याच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतोय, याचा मला फार आनंद आहे.

आता मुख्य दुखणं. खाली अंबर (पिवळसर) एलईडी, त्यावर एक पोलरायझर फिल्म (एकाच प्रतलातला प्रकाश जाऊ देणारी), मग द्रावणाची नळी आणि वर फिरती फिल्म, ही मांडणी तुम्हाला माहीत आहे. पूर्ण काळोख होतो तो कोन शोधायचा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. डोळ्यानं ते जमत नाही. काळोखाच्या आसपास दोन-तीन अंश इकडेतिकडे केले तरी उजेड बदलल्याचं कळत नाही, कारण तिथे कोनाप्रमाणे बदलणाऱ्या उजेडाचा वक्र अगदी सपाट असतो. म्हणून काळोखाचा नाद सोडला आणि वरची फिल्म खालच्या फिल्मशी ४५ अंशांवर लावली. तिथे एका अंशाला उजेड साधारण साडेतीन टक्क्यांनी बदलतो आणि फोनचा लक्स सेन्सर तो फरक सहज पकडतो. मग एकदा अधिक ४५ वर, एकदा उणे ४५ वर वाचायचं आणि दोन्हींचा भागाकार करायचा. द्रावणात उजेड थोडाफार शोषला गेला तरी तो दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे भागाकारात उडून जातो.

एवढं करूनही आकडा हलत होता. एलईडी तापते म्हणून अधिक-उणे-अधिक अशा क्रमानं वाचून पाहिलं. पॉवर बँक एवढ्याशा करंटवर आपोआप बंद पडते, म्हणून जुना पाच व्होल्टचा चार्जर लावला. खोलीतला उजेड अडवायला काळ्या कार्डशीटची नळकांडी केली. सगळं करून घोळ जिथल्या तिथे.

शेवटी वैतागून, द्रावणाची नळी म्हणून वापरत होतो तो मेजरिंग सिलिंडर रिकामा करून दोन आडव्या-उभ्या फिल्मच्या मध्ये धरला आणि वरून पाहिलं. तळाच्या जाड काचेत करड्या पार्श्वभूमीवर एक काळी फुली उमटली होती आणि तिच्या चार कोपऱ्यांत पांढुरके डाग. सिलिंडर बोटांनी हळूहळू फिरवला तर डागही जागा बदलत होते. तळाची काच साच्यात घडवताना तिच्यात जो ताण अडकून राहतो, त्याची ही खूण. म्हणजे प्रकाश द्रावणात शिरायच्या आधीच बिघडत होता! द्रावण कसंही फिरवा, त्याचं वळण बदलणार नाही. नळी जागच्या जागी फिरवल्यावर आकडा बदलला तर दोष काचेचा. ही परीक्षा प्रत्येकानं आधी करावी, द्रावण नंतर बनवावं.

उपाय स्वस्त निघाला. सरळ काचेची नळी कापून घेतली आणि तिच्या तळाला सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडचा तुकडा अराल्डाइटनं चिकटवला. स्लाइडची काच पातळ, तिच्यात ताण जवळजवळ दिसतच नाही. अ‍ॅक्रिलिकच्या नळीचा मोह टाळा, अल्कोहोलनं तिला तडे जातात. फिल्मसाठी मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारे पोलरायझरचे कागद उत्तम. स्टेशनजवळच्या गल्लीत सहज मिळतात. थ्रीडी सिनेमाचे चष्मे मात्र या कामाचे नाहीत, त्यांच्यावर वर्तुळी ध्रुवणाचा जास्तीचा थर असतो.

तर आकडे. १०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम साखर, १० सेंटिमीटर उंची: अपेक्षित १३.३ अंश, माझं रीडिंग १३ च्या किंचित वर. ते पाहून जीव भांड्यात पडला. मग त्याच प्रमाणात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूर. जांभळी नाक्यावरून आणलेल्या साध्या वड्या: शून्य, अपेक्षेप्रमाणे. एका मित्रानं झाडाचा म्हणून दिलेले खडे: आठ ते साडेआठच्या मध्ये. अपेक्षा ८.४ ची होती. औषधकोशातल्यापेक्षा अल्कोहोल वेगळं असल्यामुळे दशांशावर मी अडून बसणार नाही, पण उजवं वळण स्पष्ट आहे. आणि साध्या वड्यांच्या कितीतरी पट भावानं घेतलेला, डबीवर 'शुद्ध भीमसेनी' छापलेला कापूर: शून्य. नळी फिरवून, द्रावण नव्यानं बनवून पाहिलं, तरी शून्यच.

आरतीला कारखान्यातला कापूर वापरण्यात काहीच वावगं नाही, तो तितकाच स्वच्छ जळतो. राग आहे तो झाडाचं नाव सांगून झाडाचे पैसे घेण्याचा. त्यातही भीमसेनी म्हणजे मुळात सुमात्रा-बोर्निओकडच्या ड्रायोबॅलॅनॉप्स झाडाचा, रसायन म्हणून पाहिलं तर बोर्निऑल. म्हणजे त्या डबीत साधा नैसर्गिक कापूर असता तरी छापलेलं खरं ठरलं नसतं.

वड्यांबद्दल एक सूचना. त्या अल्कोहोलमध्ये टाकल्या की तळाशी पांढरा गाळ उरतो आणि द्रावण धूसर होतं. धूसरपणानं प्रकाश विखुरतो आणि विखुरलेल्या प्रकाशाचं ध्रुवण बिघडतं. तिथे भागाकाराची युक्तीही पुरी पडत नाही. कॉफीच्या फिल्टर पेपरनं एकदा गाळून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे वड्यांचा चुरा स्टीलच्या वाटीत घालून वाटी गरम पाण्यात ठेवा, वर थंड पाण्यानं भरलेलं फुलपात्र ठेवा. थोड्या वेळानं फुलपात्राच्या बुडाला पिसासारखे पारदर्शक स्फटिक लटकू लागतात. पाणी किटलीत तापवा, गॅस बंदच ठेवा, कापराची वाफ चटकन पेट घेते. पावसाळ्यात फुलपात्राला हवेतलं पाणीही सुटतं, म्हणून स्फटिक टिपकागदावर पसरून मगच वजन करा. आणि द्रावणाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. थोडासा कापूरही लहान मुलाच्या पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं.

पुढचा बेत वितळणबिंदूचा होता: कापूर १७६ च्या आसपास वितळतो, बोर्निऑल २०० च्या वर. उजवं बोर्निऑलही प्रकाश उजवीकडेच वळवतं, तेव्हा नुसत्या वळणावरून दोघांत निवाडा होत नाही. पण वितळणबिंदूसाठी नमुना तेलात तापवावा लागतो; एवढं तापलेलं तेल ओट्यावर ठेवायचं म्हणजे घरात आधी मंजुरी हवी, आणि बंद केशनळी नसेल तर नमुना वितळायच्या आधीच उडून जातो. त्याआधी पाण्याची परीक्षा घेतो. बोर्निऑल पाण्याहून किंचित जड, कापूर किंचित हलका. नुसता खडा पाण्यावर टाकून चालणार नाही, पृष्ठताण दोघांनाही वर धरतो आणि कापराचा कण तर भिरभिर धावतच सुटतो. भरीव खडा काडीनं पाण्याखाली दाबायचा, त्याला चिकटलेले बुडबुडे झटकायचे आणि सोडून द्यायचा. वडी यासाठी नको, दाबून केलेल्या भुकटीत हवा असते.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. वरची फिल्म फिरवायचीच कशाला? अधिक ४५ आणि उणे ४५ असे दोन तुकडे शेजारी-शेजारी पक्के चिकटवायचे आणि प्रत्येकामागे एक बीएच१७५० सेन्सर (उजेड मोजणारी छोटी चिप). त्याची अ‍ॅड्रेस पिन वर-खाली केली की दोन सेन्सर एकाच जोडणीवर चालतात. दोन्ही आकडे एकाच क्षणी मिळतील, एलईडी तापण्याचा प्रश्नच मिटेल आणि फोनही मोकळा राहील. तेव्हा तेलाचा बेत मागे, हे आधी. एक सेन्सर घरात पडून आहे, दुसरा शनिवारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतो. कुणाकडे खात्रीचं बोर्निऑल असेल तर दहा ग्रॅम द्या, बदल्यात तळ चिकटवलेली तयार नळी देतो.