रानाचं रानात

गेल्या रविवारी माझ्या सहा वर्षांच्या लेकीला एका झाडूवाल्या आजोबांनी थांबवलं, आणि ओरडा मात्र मला बसला असं मला घरी येईपर्यंत वाटत राहिलं. ओरडा नव्हताच तो, हे आता कळतंय.

निशी-कासाईहून तोझाई लाइन, ओतेमाचीला बदलून चियोदा, आणि मेइजी जिंगू, म्हणजे टोकियोतलं शिंतो धर्माचं मोठं देवस्थान. पाहुणे आले की सगळ्यांनाच नेते मी तिथे, पण या वेळी आम्ही दोघीच होतो. वाटेवर तिने ओंजळभर दोंगुरी गोळा केल्या. दोंगुरी म्हणजे टोपी घातलेली ओकची फळं, इथल्या पोरांचे सागरगोटेच म्हणा. बागेत गेलं की मुलं खिसे भरभरून आणतात, मग धुण्यात सापडतात. तर ते आजोबा झाडता झाडता थांबले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मोरी नो मोनो देसु कारा ने." रानाची वस्तू आहे ना ही. बस्स. 'घेऊ नकोस' म्हणालेच नाहीत. तिने मुकाट्याने कडेच्या झाडीत ओंजळ उलटी केली, त्यांनी मान लववून तिचे आभार मानले, आणि मी उगाच 'सुमिमासेन, सुमिमासेन', माफ करा, माफ करा, करत राहिले.

देवाची वस्तू म्हणाले असते तर मला लगेच कळलं असतं. ते रानाची म्हणाले, आणि हे रान तर माणसांनी लावलेलं.

मेइजी सम्राट १९१२ मध्ये गेले, सम्राज्ञी शोकेन १९१४ मध्ये. त्यांच्या नावाने देवस्थान करायचं ठरलं तेव्हा इथे बहुतेक शेतं आणि माळ होता. देशभरातून सुमारे १,००,००० झाडं दान म्हणून आली, गावोगावची एक लाखावर तरुण मंडळी श्रमदानाला आली, आणि १९२० च्या १ नोव्हेंबरला प्रतिष्ठापना झाली. पंतप्रधान ओकुमा शिगेनोबूंना निक्कोच्या देवस्थानातल्यासारखे सरळसोट सुगी, म्हणजे जपानी देवदार हवे होते. होंडा सेइरोकू नावाचे वनशास्त्रज्ञ अडून बसले, की या मातीत आणि शहराच्या धुरात सुगी तग धरणार नाहीत, इथे कापूर, काशी, शिई अशी रुंद पानांची सदाहरित झाडंच हवीत. ओकुमांना ते देवळाभोवती झुडपं लावल्यासारखं वाटलं म्हणे. शेवटी ऐकलं त्यांनी. पंतप्रधानाने वनशास्त्रज्ञाचं ऐकणं, यावर मी काही बोलत नाही.

आराखडा दीडशे वर्षांचा होता. झाडांनी आपलं बी आपणच टाकावं, आपणच रुजावं, माणसाला पुन्हा लागवड करावी लागू नये. त्यासाठी नियम एकच, रानातून काही बाहेर न्यायचं नाही. पडलेलं पान, मोडलेली फांदी, उन्मळलेलं खोड, सगळं तिथेच कुजू द्यायचं. शंभरीच्या निमित्ताने पाहणी झाली तेव्हा त्या सुमारे ७० हेक्टरांत ३,००० च्या आसपास जातींचे जीव सापडले. तेही हाराजुकू स्टेशनाला चिकटून!

पण मला सांगायचंय ते झाडण्याबद्दल. आजोबांच्या नादाने त्या दिवशी तासभर मी तेच बघत बसले. लेक कंटाळून बाकावर आडवी झाली. बांबूचे हे मोठाले खराटे, अंगापेक्षा रुंद. उचलायचे नाहीत, डावीकडून उजवीकडे नुसते वाहवायचे. वाटेवरची बारीक खडी जागची हलत नाही, पानं मात्र कडेला जातात. कडेला ढीग झाला की तो भरून रानात नेऊन पसरायचा. मला वाटायचं, हे काम शरद ऋतूतलं. नाही. कापूर जुनी पानं वसंतात टाकतो, नवी पालवी फुटताना, म्हणजे एप्रिल-मेमध्येही वाट पानांनी भरलेली. बारा महिने हेच. देऊळ सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला मिटतं, वेळा महिन्यामहिन्याला बदलतात, आणि लोक येण्याआधी वाट झाडलेली हवी. या माणसांना हाकिया-सान म्हणतात. झाडणारे, पण 'सान' लावून. 'सान' इथे भाजीवाल्यालाही लागतो, तेव्हा उगाच भारावून जायला नको.

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं ती थक्क होईल. आई सिंधुदुर्गातली. म्हणाली, "मगे? आमच्या देवराईतली काटकी तरी कोण घराक हाडता?"

खरंच की, घरी कोणीच आणत नाही. भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी भाताची जमीन भाजायला, आम्ही सगळ्या रानातला पातेरा, वाळका पाला, ओढून आणायचो, पण देवळाच्या राईतला कधी नाही. वाळकं शेणही नाही. झाड तोडायचं तर देवाला कौल लावायचा. आम्हाला कोणी वनशास्त्रज्ञ शिकवायला आला नव्हता, आणि आमची राई लावलेलीही नाही, मुळातली आहे. हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा शेजारची मुलगी "सुगोई", म्हणजे भारीच, म्हणाली. मी जरा जास्तच ताठ बसले.

आणि जपानचंही सगळं चकाचक नाही हो. युद्धानंतर सरकार आणि शिंतो वेगळे झाले, घटनेनेच देवस्थानाला सरकारी पैसा बंद. आपल्यासारखं नाही, पंढरपूरला १९७३ चा कायदा, सिद्धिविनायकाला १९८० चा, विश्वस्त नेमणार सरकार. इथे दक्षिणा, ताईत, लग्नं, आणि गाइएन, म्हणजे बाहेरच्या बागेतलं बेसबॉल मैदान वगैरे, यांच्या उत्पन्नावर आतलं रान पोसायचं. आता त्याच गाइएनमध्ये पुनर्विकास चाललाय, टॉवर येणार आहेत, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात झाडं तोडायला सुरुवात झाली. संगीतकार साकामोतो रयुइची यांनी जाण्याआधी टोकियोच्या राज्यपालांना पत्र लिहून विरोध केला होता. म्हणजे आतली दोंगुरी उचलायची नाही आणि बाहेर करवत. मला हे वाचून थोडं बरं वाटलं, हे लपवत नाही.

कारण आमच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सभामंडपासाठी राईतले दोन किंजळ आणि एक सातवीण गेली. कौल लावला होता, उजवा पडला, म्हणजे देवाचा होकार. उजवाच पडतो. कोनशिलेवर देणगीदारांत माझं नाव आहे, 'टोकियो' असं कंसात. मंडप गळत होता, म्हाताऱ्या माणसांनी सप्त्याला भिजत बसायचं का? तेव्हाही हेच म्हटलं होतं, आजही म्हणेन.

मंगळवारी गावच्या ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज आला. देवळाभोवती पेव्हर ब्लॉक टाकायचे आहेत, कारण पातेरा फार पडतो, झाडायला माणूस मिळत नाही. वर्गणी पाठवा. मी मेइजी जिंगूवर भलाथोरला मेसेज लिहिला. हाकिया-सान, दीडशे वर्षं, सगळं. मग वाचला आणि पुसून टाकला. झाडायला मी थोडीच जाणार आहे तिथे?

पाच हजार रुपये पाठवले, आणि खाली लिहिलं, "झाडांच्या बुंध्याभोवती निदान चार फूट माती सोडा रे."

भावाचा अंगठा आला.