साइनचं बटण दाबल्यावर आत काय होतं?

मंगळवार, रात्री उशिरा

भाचीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सुरू झालंय. बारावीपर्यंत लॉग टेबल, आता एकदम सायंटिफिक कॅल्क्युलेटर. परवा जेवताना म्हणाली, "मामा, साइन दाबलं की आत लॉग टेबलसारखा तक्ता असतो का?" तोंडी सांगून पटलं नसतं, म्हणून आज वही घेऊन बसलो आणि एचपी-३५ ज्या रीतीने हिशेब करायचा, त्याच रीतीने ३० अंशांचा टॅन काढला.

एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. १९७२ साली आला, किंमत ३९५ डॉलर. त्याआधी १९६८ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने (एचपी म्हणजे हीच कंपनी) ९१००ए काढला होता, तो टेबलावर ठेवायचा, वजन १८ किलोच्या आसपास. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, बिल ह्युलेट, त्याला तेच सगळं शर्टाच्या खिशात हवं होतं. एवढं महागडं खेळणं घेणार कोण, असा बाजाराचा अंदाज घेणाऱ्यांचा सूर होता. पहिल्याच वर्षात लाखभर खपले.

पण खरी गंमत आतली. सगळा प्रोग्रॅम मिळून ७६८ सूचना! तक्ता आहे, पण चार-पाच ओळींचा: ज्यांचा टॅन १, ०.१, ०.०१, ०.००१ असा येतो ते कोन. म्हणजे ४५, ५.७१०६, ०.५७२९, ०.०५७३ अंश. ३० मधून ४५ जात नाहीत. ५.७१०६ पाचदा जातात, उरतात १.४४७. त्यातून ०.५७२९ दोनदा, मग ०.०५७३ पाचदा. शाळेतल्या भागाकारासारखंच.

सोबत दोन आकडे चालवायचे, सुरुवातीला क्ष १ आणि य ०. कोनातून ५.७१०६ वजा केले की क्षमधून यचा दहावा भाग काढायचा आणि यमध्ये क्षचा (आधीच्या क्षचा, नवीन नव्हे) दहावा भाग घालायचा. पुढच्या कोनाला शंभरावा, त्याच्या पुढच्याला हजारावा. पाच फेऱ्यांनंतर क्ष ०.९००५, य ०.४९००. सगळं संपल्यावर ०.८८८१ आणि ०.५१२४. यला क्षने भागलं की ०.५७७०. खरं उत्तर ०.५७७३५, आणि माझ्याकडे ०.०१४७ अंश अजून उरलेलेच होते. शेवटच्या भागाकारापर्यंत गुणाकार एकदाही नाही. दहावा भाग म्हणजे काय, अंक एक घर सरकवायचे! साइन मग टॅनवरूनच काढतात.

या युक्तीचं मूळ जॅक व्होल्डरचं. बी-५८ या अमेरिकन बॉम्बर विमानाच्या दिशादर्शनासाठी त्याने ती शोधली आणि १९५९ मध्ये छापली. त्याची रीत दोनच्या पटीतली, कॅल्क्युलेटरवाल्यांनी दहाची केली. बॉम्बरातलं गणित पुढे सिव्हिलच्या पोरांच्या खिशात आलं, हे मला भारी वाटतं.

सुरुवातीच्या एचपी-३५ मध्ये एक चूकही होती. २.०२ चा नॅचरल लॉग घेऊन लगेच ई-चा तेवढा घात काढला की २.०२ ऐवजी नुसते २ यायचे. कंपनीने ते ग्राहकांना कळवलं आणि मशीन बदलून द्यायची तयारी दाखवली.

तरी मला विचाराल तर माझा जीव एचपीवर नाही, १९७४ च्या सिंक्लेअर सायंटिफिक या ब्रिटिश कॅल्क्युलेटरवर आहे. किंमत पन्नास पौंडांच्या आत. साध्या बेरीज-वजाबाकीच्या मशीनसाठी बनवलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप, त्यात जागा फक्त ३२० सूचनांची, आणि त्यात साइन, टॅन, लॉग सगळं कोंबलेलं. पायची किंमत साठवायलाही जागा उरली नाही, म्हणून ३.१४१५९ चक्क स्क्रीनखाली डब्यावरच छापून टाकलं. उत्तरं संथ यायची, शेवटचे अंक बेभरवशाचे. पण असला जुगाड इंग्रजांनीही केला होता, हे भाचीला उद्या सांगणार आहे.